मामांचं तीर्थ

“पिता का?” डॉक्टर चंद्रमौळींनी विचारलं, आणि अप्पाजींची मान खाली गेली. खरं तर प्रश्न त्यांच्या जावयाला होता.

दिव्याच्या काचेवर पद्मनाभच्या खुब्याचा एक्स-रे लावला होता. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा एका बाजूने बसला होता. रक्त पोचेनासं झालं की हाड आतल्या आत मरतं, असं डॉक्टरांनी तमिळमध्ये समजावलं होतं. कुठे पडलात, आपटलात का, हेही विचारून झालं होतं. राहता राहिली दारू. पद्मनाभने तिलाही नाही म्हटलं. डॉक्टर हसले. मद्रासेत दारूबंदी आल्यापासून आपल्याकडे पिणारा पेशंट म्हणून आलेलाच नाही, असं ते म्हणाले.

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं अप्पाजींना झालं. पद्मनाभ त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. तंजावरकडच्या मराठी घरांच्या रीतीने त्यांनी आपली कनका भाच्यालाच दिली होती. त्यामुळे जावई बिघडला तर दोष ढकलायला दुसरं घराणंही उरलं नव्हतं. वर्षभर गल्लीत कुजबुज चालली होती. मद्रासेबाहेर आवडी गावातल्या कारखान्यातला हा कारकून संध्याकाळी लंगडत घरी येतो, तोंड सुजलेलं, गाल लालबुंद; लोकांना आणखी काय पुरावा हवा? नवऱ्याच्या तोंडाला कधी वास आला नाही, असं कनका रडून सांगत होती. अप्पाजींनी लेकीपेक्षा गल्लीवर विश्वास ठेवला. आज डॉक्टर दारू म्हणाले की लेकीला आपल्या घरी आणायचं, असं ते मनाशी पक्कं करूनच आले होते.

वाईट याचंच जास्त वाटत होतं, की हा माणूस त्यांच्या भजनमंडळीचा गळा होता. मार्गळी महिन्यात, म्हणजे धनुर्मासात, पहाटेच्या अंधारात मंडळी जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांतून अभंग म्हणत निघायची आणि सगळ्यांच्या पुढे पद्मनाभ असायचा. दोन वर्षांपूर्वी दम्याने तो गळा बसला. अप्पाजींनी देवघरातलं तीर्थ त्याच्या ओंजळीत घातलं, आणि बघता बघता गळा मोकळा झाला. अप्पाजींच्या हाताला गुण आहे, अशी बोलवा झाली. बायका खोकणारी पोरं घेऊन पाया पडायला येऊ लागल्या. अप्पाजी “सगळी देवाची कृपा” म्हणायचे आणि उपरणं सारखं करायचे. मार्गळी संपला तरी तीर्थ चालूच राहिलं. पद्मनाभ रोज पहाटे यायचा, ओंजळ पुढे करायचा, घोट घ्यायचा आणि ओला हात डोक्यावरून फिरवून कामावर जायचा. त्या पवित्र घोटावर हा माणूस दारू ओतत होता तर!

“खरें बोल, पद्मनाभा,” अप्पाजी दातओठ खात म्हणाले. “आमचें नांव तर गेलेंच की.”

डॉक्टर मात्र आता एक्स-रे सोडून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी त्याचे गाल दाबून पाहिले, सदरा वर करून पोटावरचे जांभळे वळ पाहिले. त्यांचं हसू मावळलं. ही पिणाऱ्याची सूज नव्हे, ते म्हणाले. दमा आहे का? दम्यावर हल्ली नव्या गोळ्या निघाल्या आहेत. दोन दिवसांत धाप थांबते, पण फार दिवस घेतल्या तर चेहरा असा वाटोळा होतो. बाहेरदेशी त्या गोळ्यांपायी खुबे मेलेलेही आढळू लागले आहेत. तसलं काही घेता का?

“गोळी एकही घेतली नाही,” पद्मनाभ म्हणाला. “माझा दमा मामांच्या तीर्थाने गेला.”

अप्पाजींचे कान तापले. त्या गोळ्या त्यांना स्वतःच्याच दम्यावर मिळाल्या होत्या, त्याही आठवड्यापुरत्या. त्यांना गुण आला, तसा भाच्यालाही येईल असं वाटलं. पण सोवळ्यात, पूजेच्या आधी, विलायती गोळी कोण तोंडात घालणार? म्हणून त्यांनी ती कुटून तीर्थात मिसळली. ओळखीचा दुकानदार काही न विचारता गोळ्या देत राहिला. मार्गळी संपला की सांगू, असं त्यांनी ठरवलंही होतं. तेवढ्यात लोक पाया पडू लागले, आणि सांगायचं राहूनच गेलं.

आताही गप्प बसता आलं असतं. डॉक्टर पुन्हा दारूवर आले असते. गल्लीने माना डोलावल्या असत्या. अप्पाजींच्या हाताचा गुण तसाच राहिला असता. त्यांनी बाकावरून लोंबणाऱ्या पद्मनाभच्या पायाकडे पाहिलं. वर्षभर ते या पोराची लाज बाळगत आले होते. आज पहिल्यांदा त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती सोसवेना.

त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि चांदीची डबी टेबलावर उघडून ठेवली. आत चार पांढऱ्या गोळ्या होत्या आणि थोडी भुकटी.

“मींच घालत होतों, तीर्थांत,” ते म्हणाले. “त्याला कांहीं ठावें नाहीं.” भांबावून ते मराठीतच बोलले होते. डॉक्टरांना ते डबीवरून कळलं.

पद्मनाभने डबीकडे पाहिलंसुद्धा नाही. मामांचा हात त्याने आपल्या हातात घेतला.

“ठावें होतें, मामा,” तो हळूच म्हणाला. “तीर्थ कडू असत नाहीं की.”