तीन दुरुस्त्यांसह योग्य

सिनेमाच्या एकतिसाव्या मिनिटाला आईनं धाकटीला पाणी आणायला पाठवलं.

"मला तहान नाहीये," धाकटी म्हणाली.

"मला आहे. फ्रिजमधलं आण. खालच्या कप्प्यातलं."

खालचा कप्पा मुद्दाम. तिथली बाटली भाज्यांच्या मागे कोंबलेली होती. धाकटी ती उपसून परत येईपर्यंत पडद्यावरची दोघं शाळेच्या गच्चीवर एकमेकांच्या जवळ येऊन, जे काय व्हायचं ते होऊन, पुन्हा दोन हात लांब उभी होती. तेवीस सेकंद. आईनं आदल्या दिवशीच मोजून ठेवले होते.

आई लिफ्ट तपासायच्या खात्यात होती. शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये 'फक्त सहा व्यक्ती' असं लिहिलेलं असतं, ते तिच्या सहीवर. आपण पास केलेली लिफ्ट आजवर अडकलेली नाही, हे ती पाहुण्यांना सांगायची, शेजाऱ्यांना सांगायची, आणि एकदा दातांच्या डॉक्टरांनाही, तोंडात कापूस असताना.

सिनेमावर 'तेरा वर्षांवरील' असं लिहिलं होतं. थोरली चौदाची, धाकटी सहाची. मागच्या सिनेमातल्या एका मांजराला भिऊन धाकटी अकरा रात्री आईबाबांच्या मध्ये झोपली, तेव्हा थोरलीनं निकाल देऊन टाकला होता. "हिच्या वयाचं मला बघवत नाही, माझ्या वयाचं हिला झेपत नाही. अजून एकदा असं झालं, की मी माझं माझं बघीन. खोलीत. दार लावून."

आईला तेच नको होतं. दार एकदा घट्ट बसलं की उघडायला किती माणसं लागतात, हे तिला नोकरीनं शिकवलं होतं.

म्हणून शनिवारी अर्धी रजा टाकून तिनं सिनेमा एकटीनं पाहिला. हातात कामावरचाच छापील तक्ता: मिनिट, आढळलेली बाब, शेरा. संध्याकाळी नवऱ्यानं तो चष्मा लावून वाचला.

"'बावन्नावं मिनिट. शिवी, एक, मध्यम.' मध्यम म्हणजे काय गं?"

"म्हणजे तू गाडी चालवताना देतोस तसली."

"मग ती धाकटीला पाठच आहे."

तक्त्याच्या तळाशी निकाल होता: तीन दुरुस्त्यांसह योग्य.

"शिक्का राहिला, साहेब," नवरा म्हणाला.

आणि रविवारी दुपारी पडदे ओढून सगळं तक्त्याबरहुकूम चाललं होतं. पाण्याचं काम फत्ते झालं. बावन्नाव्या मिनिटाला आई खोकली.

"आई, शिवी परवडली असती," थोरली म्हणाली.

एक तास दोन मिनिटांना मोटारसायकल घसरायच्या आत रिमोटनं दहा सेकंद गिळले. धाकटी मजेत होती, तिचे पाय थोरलीच्या मांडीवर, आणि थोरलीनंही ते ढकलले नव्हते. आई मागे रेलली. पुढे तक्त्यात एकच ओळ उरली होती. एक तास आठ मिनिटं. सामान बांधणे. निर्धोक.

पडद्यावरची मुलगी शिकायला दुसऱ्या गावी निघाली होती. तिनं कपडे घड्या करून पेटीत भरले. पेटी गाडीत गेली, गाडी कोपऱ्यावरून वळली. कोणी रडलं नाही, मागे संगीतसुद्धा नव्हतं. मग तिची खाट दिसली, चादर काढलेली. तीनेक सेकंद.

धाकटीनं पाय काढून घेतले.

"ती कुठे गेली?"

"कॉलेजला," बाबा म्हणाले.

"संध्याकाळी येते?"

आता खोकायचं की पाणी मागायचं, तक्त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. रिमोट आईच्या हातात होता, पण जे पुढे पळवायचं ते होऊन गेलं होतं.

"सगळ्या जातात?" हे धाकटीनं आईला नाही, थोरलीला विचारलं.

थोरलीला थाप मारता आली असती. एरवी मारायची. "चार वर्षं आहेत अजून," ती म्हणाली.

धाकटीनं बोटं काढली. सहा, आणि पुढे चार. दोन्ही हात संपले.

"म्हणजे मी दहा."

"दहा."

"दहा म्हणजे काही फार मोठी नाही."

"नाही," थोरली म्हणाली, आणि धाकटीचे पाय धरून परत आपल्या मांडीवर ओढले.

नवरा आईच्या कानाशी आला. "काय मग? नापास?"

"अजिबात नाही. पुढच्या रविवारीही इथेच बसायचं. चौघांनी."

"आणि तक्ता?"

"तक्ता करणार. एक रकाना वाढवावा लागेल."

"त्याच्या डोक्यावर काय लिहिणार?"

आईला ते सुचलं नव्हतं, आणि न सुचणं तिच्या नोकरीत बसत नव्हतं. "गप्प बस, सिनेमा बघ," ती म्हणाली.

त्या रात्री धाकटी एकदाही उठली नाही. सकाळी आईनं हे नवऱ्याला दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा ऐकवायला न्हाणीघराशी गेली, तर धाकटी बोटानं दात घासत होती.

"ब्रश कुठे गेला?"

"ठेवलाय," तोंडातल्या फेसातून उत्तर आलं.

दारात थोरली घाईनं बूट चढवत होती. तिनं दप्तर खांद्याला लावलं, तशी आईची नजर दप्तराच्या बाजूच्या कप्प्यावर गेली. छत्रीला चिकटून एक बुटका हिरवा ब्रश उभा होता, आणि त्याला गुंडाळलेला एक छोटा मोजा. थोरलीनं मान वळवून पाहिलं. मग आईकडे पाहिलं.

दोन बोटांनी तिनं ब्रश आणखी आत सारला, चेन ओढली आणि धडाधड जिना उतरून शाळेला गेली.