पहिला भाग

ताईबाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं, तशी सुयोगनं आधी रुमालाला हात पुसले. एकोणीसशे बावन्नची आवृत्ती, निळी कापडी बांधणी. पदार्थविज्ञानाच्या या जुन्या पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग बारामतीत त्याच्या कपाटात होता. दुसऱ्यासाठी त्यानं पुण्यापासून सोलापूरपर्यंत रद्दीची दुकानं पालथी घातली होती, आणि तो सापडला इथं इंदापुरात, निवृत्त विज्ञानशिक्षिकेच्या घरी.

"बाई, याच्या बदल्यात काय हवं ते सांगा."

ऐंशी ओलांडलेल्या ताईबाईंनी त्याच्या पिशवीकडं बोट दाखवलं. "तुमचा पहिला भाग आणलाय न्हवं? बघू."

जोडी जुळते का पाहावं, एवढ्यासाठीच त्यानं तो आणला होता. काढून देताना त्याचा जीव वरखाली झाला.

"कॉलेजात माझ्या हाती दुसराच भाग लागला," ताईबाई म्हणाल्या. "पहिला एका मुलीकडं हुता. ती मला त्याला हात लावू द्यायची न्हाय. गती, उष्णता, सगळं वर्गात ऐकून पाठ केलं मी."

त्यांनी चष्मा चढवला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

सुयोग बसला. उठला. खिडकीतून रस्ता बघून आला, पुन्हा बसला. ताईबाई बोट ओळीवरून पुढं नेत होत्या, मधेच मान हलवत होत्या. कपाटात इतकी वर्षं पडून असलेल्या त्या पुस्तकाचं आपण छपाईच्या सालाच्या पुढचं काही वाचलेलं नाही, हे त्याला आत्ता आठवलं आणि तो आणखीच अस्वस्थ झाला.

"बाई, माझी बारामतीची गाडी..."

"हं," म्हणत त्यांनी पान उलटलं.

गाडी गेली असणार. चहा आला, तो त्यांच्या कोपरापाशी निवत राहिला. धडा संपून खाली गणितं आली, तशी ताईबाईंनी चाचपून पेन्सिल शोधली. पहिलं गणित दोनदा वाचलं आणि पेन्सिलीचं टोक समासावर टेकवलं.

सुयोगच्या संग्रहातल्या एकाही पुस्तकावर कुणाची रेघ नव्हती. डाग असलेलं पुस्तक तो घेतच नसे. त्याचा हात झटकन पुढं झाला.

ताईबाईंनी वर पाहिलं. "सोडवू न्हवं?"

त्यानं मधला चहाचा कप उचलून बाजूला ठेवला, त्यांच्या हाताला जागा व्हावी म्हणून.