डावा हात

"हा दात घट्ट आहे ना, बाबा?" मुलाने विचारलं.

"लोखंड आहे, लोखंड," खुर्चीत आडवे झालेले म्हातारे डॉक्टर म्हणाले. मुलगा बोटाने हलवून बघायला गेला, तर त्यांनी डोळे वटारले. "मला शिकवतोस?"

दात कधीचाच हलत होता. पण आयुष्यभर लोकांचे दात हलवून बघितलेल्या माणसाने स्वतःचा हलतो म्हणायचं, म्हणजे न्हाव्याने टकलावरचा टोप काढून दुकान उघडायचं.

शेजारच्या रिकाम्या जागी हाडात स्क्रू रोवून नवा दात बसवायचा होता; त्यासाठी मुलाने त्याच हलत्या दाताला चिमटा बसवला. चिमट्यावर काळ्यापांढऱ्या चौकडीचा ठोकळा. वरचा कॅमेरा त्या चौकडीवर नजर ठेवून सांगणार, ड्रिल हाडात कुठवर गेलं ते. पडद्यावर जबडा उमटला. त्यातून खालच्या ओठाची नस लाल रेघेसारखी गेलेली. तिला धक्का लागला, की ओठ कायमचा बधिर.

"तुमच्या वेळी सगळं अंदाजपंचे," जागा बधिर करून मुलगा हसत म्हणाला. "दुखलं तर डावा हात वर करा."

वाक्य म्हाताऱ्यांचंच. याच खोलीत त्यांनी ते उभ्या गावाला ऐकवलं होतं. हात वर झाला म्हणून ते थांबल्याचं मात्र कुणाला आठवत नाही.

ड्रिल सुरू झालं. चिमट्याखालचा दात हळूच कलला, आणि त्याच्याबरोबर कॅमेऱ्याचा सगळा हिशेबही. पडद्यावर ड्रिलचं टोक हिरवंगार, नशीपासून चांगलं लांब. म्हाताऱ्यांच्या हनुवटीत मात्र वीज शिरली.

"आ... आ..." तोंडात नळी, चिमटा आणि मुलाची दोन बोटं. त्यांनी डावा हात वर केला.

पडद्यावरची नजर न काढता मुलाने तो हात मायेने खाली ठेवला. "भीतीने वर होतो, बाबा. तुम्हीच शिकवलंत ना? सगळं हिरवं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने त्यांच्यापुढे चहा ठेवला. "दुखतंय का?"

"छे. लोखंड आहे, लोखंड."

त्यांनी कढत चहाचा मोठा घोट घेतला. अर्धा घोट खालच्या ओठावरून ओघळला, हनुवटीवरून सदऱ्यावर टपटपू लागला. त्यांचा चेहरा तसाच.

मुलाने घाबरून, थांबा म्हणून, हात वर केला.

म्हातारे थांबले नाहीत.