मोठ्याने न वाचलेलं पान

वाचनालयाचा ईमेल आला, तसं त्याने मांडीवरच्या ब्रेल यंत्रात पुस्तक डाउनलोड केलं. त्यांचा मुलगा तापाने गेला, त्यानंतर त्याच वर्षी बायकोने हीच कादंबरी आपल्या अंध नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली होती. आज पहिल्यांदाच तो ती स्वतःच्या बोटांनी वाचत होता. शेवटच्या प्रकरणात बोटं थबकली. बायकोने वाचलं तेव्हा गोष्टीतला आजारी पोरगा खडखडीत बरा होऊन घरी आला होता. इथे तो दवाखान्यातच दगावला. त्याने ओळ पुन्हा चाचपली, टिंबं तीच. म्हणजे आवाज जराही कापू न देता ते पान तिने एकटीनेच सोसलं होतं. आणि आपण वर तिलाच सुनावलं होतं, “पुस्तकातली पोरं बरी जगतात!” “संपलं का हो?” तिने स्वयंपाकघरातून विचारलं. “संपलं. पोरगा घरी आला,” तो म्हणाला. आत चाललेला भांड्यांचा आवाज एकाएकी बंद झाला.