म्हातारबाचा फोटो

आमच्या प्राणी-निवाऱ्यातील म्हातारबा या वृद्ध श्वानाचा परिचय मी सात वेळा फोनवरून समाजमाध्यमावर प्रसिद्ध केला. परंतु ग्रहताऱ्यांची छायाचित्रे आणि बातम्यांचे मथळे यांच्या गर्दीत तो कोणाच्याही दृष्टीस पडला नाही.

"काका, आता कोण नेतंय त्याला? उद्या कोंडवाड्यात पाठवू," निवाऱ्याच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या.

कोंडवाड्यातून कोणीही परतत नसे. माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही आणि त्या घाईत केवळ त्याच्या मोतीबिंदू झालेल्या डोळ्याचे छायाचित्र माझ्याकडून चढवले गेले.

तासाभरात नऊ हजार जणांनी ते पाहिले. एका भगिनीने पृच्छा केली, "अगंबाई, केवढा सुंदर निळा ग्रह! किती दूर आहे हो?"

 

मी तत्परतेने उत्तर लिहिले, "शेवटच्या बसथांब्यापासून चार मिनिटे. कृपया सहाच्या आत यावे, येताना पट्टा आणावा."