चिखलातल्या निवट्या

नागोची बायको वारून महिना झाला, तरी त्याची म्हातारी आई नुसती पेजच पीत होती. "सूनबाई धरून आणायची तशा निवट्या आण, मग जेवते," म्हणाली. म्हणून ओहोटीला तो खाडीच्या चिखलात उतरला. तासभर भटकला, पण एक मासा दिसेल तर शपथ.

"भावजी, निवट्या धरताय का भाताची चिखलणी करताय?" शिंपल्या वेचणारी शेजारीण हसली. "त्या चिखलाच्याच रंगाच्या. गप उभं राहा, वर येतील."

नागोला तसंही आता पाऊल उचलवत नव्हतं. तो उभा राहिला. बऱ्याच वेळाने चिखलाला डोळे फुटले. बिळात हात घालून त्याने कशाबशा दोन धरल्या.

आईने त्यातली एक त्याच्या ताटात सरकवली.

"तू तरी कुठे जेवतोस? महिनाभर बघतेय मी."