मुकी गोळी

गोळी तळहातावर घेऊन अम्मीनं ती कानाशी नेली, जरा वेळ ऐकलं आणि परत बशीत ठेवली.

“ही मुकी आहे.”

“गोळ्या बोलत नसतात,” साबेरा पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

“मुजावर फुंकतो त्या बोलतात. त्या बोलल्या की बाकीचे गप्प बसतात.”

बाकीचे म्हणजे अम्मीच्या कानात बोलणारे आवाज. दर गुरुवारी दर्ग्याच्या ओवरीत सरकारी डॉक्टर बसायचा आणि गोळ्या लिहून द्यायचा. मग लोक रांगेनं त्या मुजावरपुढे धरायचे. तो काहीतरी पुटपुटून त्यांवर फुंकर घालायचा. दोन वर्षं अम्मीनं गोळ्या अशाच घेतल्या होत्या, आणि दोन वर्षं ती शेजारणींबरोबर जिरं निवडत, भांडत, हसत बसली होती. तीन आठवड्यांपूर्वी कॉलेजच्या ग्रंथालयातून रजा काढून साबेरा बडोद्याहून घरी आली. तिला त्या रांगेत उभं राहायची लाज वाटली. तेव्हापासून ती गोळ्या बाजारातून आणायची आणि फुंकून आणल्या म्हणून सांगायची.

आजाराला नाव आहे, असं तिनं अम्मीला पुन्हा एकदा समजावलं. मेंदूत काय बिघडतं आणि गोळी काय करते, तेही सांगितलं. अम्मी सूप पाखडत राहिली.

“नाव डॉक्टरच्या वहीतलं,” ती म्हणाली. “कान माझे.”

“मग जा. चाट त्या म्हाताऱ्याची थुंकी.”

अम्मीचं सूप थांबलं. “थुंकी नाही. श्वास असतो.” मग तिनं डोक्यावरची ओढणी मागे सारली. “माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग, फुंकून आणल्या आहेस म्हणून.”

साबेरानं हात ठेवला. फुंकून आणल्या, म्हणाली. अम्मीनं गोळी गिळली, वर घोटभर पाणी प्यायली आणि जिऱ्यातले खडे वेचू लागली. संध्याकाळी दोघींनी खिचडी-कढी खाल्ली. कढी पातळ झाली म्हणून अम्मीनं साबेराला चार शब्द सुनावले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, साबेरा झोपलेली असताना, अम्मी गोळ्यांचं पाकीट घेऊन दर्ग्याकडे चालत निघाली. वैशाखातल्या दुपारी त्या रस्त्यावर रिक्षा नसते. ती अर्ध्या वाटेवर पडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी जियारतीला घर भरलं. कुराणपठण संपेपर्यंत साबेराची मावशी जैनबखाला आणि भाऊ अनीसभाई यांनी दम धरला, तेवढाच.

माझी बहीण बरी होती, खाला म्हणाली. शिकलेले घरात शिरले आणि तिला घेऊन गेले. तीन गुरुवार साबेराला दर्ग्याच्या रांगेत कोणी पाहिलं नाही. बाजारची कोरडी गोळी रक्तात जाऊन जळते, हे गावात पोराटोरांना ठाऊक आहे. अनीसनं तिला अडाणी म्हटलं. अम्मीला पहिल्याच वर्षी अहमदाबादला दाखल करायला हवं होतं, तुम्हीच तिला त्या दर्ग्याच्या दारात बांधून ठेवलंत, आणि शेवटी त्याच वाटेवर मारलंत.

“तू दाखल करणार होतास?” खाला हसली. “आईला शेवटचं कधी पाहिलंस रे, भाच्या? ती तुझ्या वाटणीचा शीरखुर्मा झाकून ठेवायची. दोन ईद मांजरानं खाल्ला.”

अनीस उठून उभा राहिला. कोणीतरी त्याला खाली बसवलं. तो साबेराकडे वळला. तू शिकलेली आहेस, तू सांग हिला. खालाही तिच्याकडेच वळली. सांग की, तुझ्या गोळ्यांनी काय केलं ते.

दाराशी बसलेली शेजारीण रहमतबेन मध्येच बोलली. अम्मी निघाली तेव्हा तिनं हटकलं होतं, एवढ्या उन्हात कुठे म्हणून. तेव्हा अम्मी काय म्हणाली, ते तिनं जसंच्या तसं सांगितलं.

“म्हणाली, माझ्या साबेरानं फुंकून आणल्यात, पण मुजावरला त्या दिवशी घाई असेल. फुंकर पुरली नाही. पोरीला कशाला पुन्हा हेलपाटा, मीच जाऊन येते.”

अनीसनं खाली पाहिलं. सगळ्यांना वाटलं, साबेरा आता रडेल, आणि दोघी-तिघी तिला धरायला सरकल्याही. तिनं त्यांचे हात बाजूला केले.

“फुंकून आणल्या नव्हत्या,” ती म्हणाली. आवाज ग्रंथालयात बोलल्यासारखा हळू होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “बाजारातून परतताना रिक्षा दर्ग्याच्या दारातच सवारी घ्यायला थांबायची. दर वेळी. मी उतरले नाही.”